चेहरा कुणाचाही चालेल

मोंतेरोत्तो
संत लूकच्या सणाचा दुसरा दिवस, १४५१

प्रिय लापा,

आणि मदर जिनेव्रा, तुम्हालाही नमस्कार. माझं पत्र सिस्टर अपोलोनियाच्या हातात पडण्याआधी तुमच्या चष्म्याखालून जातं, हे मला माहीत आहे. लहानपणी मठात आमच्या अक्षराला वळण तुम्हीच लावलंत, तेव्हा ते बिघडलं असेल तर दोष थोडा तुमच्याकडेही येतो.

लापा, तुला सिस्टर म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. तू रागावशील. रागावलीस तरी कळणार नाही, कारण तू उत्तर देत नाहीस. वीस वर्षांत तुझी एकच ओळ आली, तुझे भावोजी सानो गेले तेव्हा: "त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली." ती ओळ मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आहे. कोळसेवाला नान्नी सांगत होता की आता मठाच्या दारातल्या फिरत्या चक्रावर तू बसतेस. बाहेरचा माणूस पीठ, तेल जे काही आत ठेवेल ते तू चक्र फिरवून घेतेस, आणि त्याला तू दिसत नाहीस. नान्नी म्हणाला, "आवाज ऐकला बाई तुमच्या बहिणीचा. 'देव भलं करो' म्हणाली." तेवढं ऐकायला मी त्याला दोनदा सांगायला लावलं.

बातमी अशी की सानोंची शेवटची चित्राची फळी मी पुरी करून घेते आहे. आठवतं ना, आधी सोनं बसतं आणि मग माणसं रंगतात. सानोंनी सगळं सोनं बसवलं, घोटलं, मेरीच्या डोक्यामागचं तेजोवलय ठोकून नक्षीदार केलं. मध्ये मेरीची आणि बाळाची जागा पांढरी राहिली. मी विचारलं की म्हणायचे, "चेहरा नंतर." दोन वर्षं नंतर, नंतर करत राहिले आणि एका हिवाळ्यात खोकल्याने गेले. तेव्हापासून ती फळी भिंतीशी उभी आहे. सोन्याच्या मधोमध आई आणि बाळाच्या आकाराचं भोक पडल्यासारखी दिसते.

आमच्या देवळाच्या वेदीसाठी ती द्यायची, सानोंच्या नावाने. पण आपल्याकडचे चित्रकार सगळे म्हातारे झाले किंवा गेले. मग फ्लोरेन्सहून नेन्चो नावाचा एक आला. तिशीतला, दाढी नाही, बोलणं फार. खाली सानोंच्या कामाच्या खोलीत त्याने बिऱ्हाड मांडलंय. आल्या आल्या मी त्याला सानोंची नमुन्यांची वही दिली, जिच्यात मेरीचा एक चेहरा, तरुण संताचा एक, म्हाताऱ्या संताचा एक असे आखून ठेवलेले आहेत. सानोंनी तोच मेरीचा चेहरा तीस वर्षं काढला, त्यांच्या गुरूंनी त्याआधी चाळीस.

नेन्चोने वही चाळली आणि विचारलं, "ही कोण?"

मी म्हटलं, "कोण म्हणजे? मेरी."

"ते कळलं. पण चेहरा कुणाचा?"

"मेरीचा."

"बाई, कुणाचा तरी बघूनच काढला असेल ना पहिल्यांदा?"

मला हसू आलं. म्हटलं, "चेहरा कुणाचा नसतो रे चित्रात. तुला कुणाचा हवा?"

"जिवंत माणसाचा. कुणाचा काढू?"

मी डाळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "कुणाचाही चालेल."

लापा, मठाच्या जेवणघरातली ती सोन्यातली मेरी आठवते? लांब नाक, बारीक डोळे, आणि मांडीवर बाळ येशू म्हणजे टक्कल पडलेला छोटा नोटरी. तू आठ वर्षांची होतीस. जेवताना हसलीस म्हणून मदर जिनेव्रांनी आपल्या दोघींना उभं केलं होतं. पण रडायचं असलं की आपण तिच्याचपुढे जायचो. ती आपल्याकडे कधी बघायची नाही. कुठेतरी पलीकडे बघायची. म्हणून तिला काहीही सांगता यायचं.

तुझी ताई,
मेआ

संत मार्टिनचा सण

लापा,

आज घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

सकाळी प्रार्थनेहून आले तर खालून खर्र खर्र आवाज येत होता. वाटलं, नेन्चो रंग वाटतोय. दार ढकललं. फळी आडवी ठेवलेली, तो तिच्यावर वाकलेला, आणि हातात पातं. सोनं खरवडत होता.

मी दाराला धरून उभी राहिले. अर्ध्या फळीवरचं सोनं गेलं होतं, खालची तांबडी माती उघडी पडली होती. कातडी सोलल्यासारखी.

"काय करतोस?" मी कसंबसं विचारलं.

"आभाळाला जागा करतोय."

"हेच आभाळ आहे. स्वर्ग आहे तो."

"बाई, स्वर्ग असेल. पण त्यात हवा नाही. ह्या बाईला श्वास कुठून घेऊ देऊ?"

त्याने श्वासाचं नाव काढावं, ह्यावर मला हसावं की रडावं कळेना. सोनं बसवताना तांबडी माती जरा ओली लागते, म्हणजे सोन्याचं पातळ पान धरून राहतं. पाण्याने ती जास्त भिजते. त्यावर तोंडाची वाफ सोडायची असते, हलकेच, हा करून. सानोंना खोकला लागल्यापासून ते काम माझं होतं. मी वाफ सोडायची, ते पान टेकवायचे, मी पुढच्या बोटभर जागेवर वाफ सोडायची. महिनाभर आम्ही दोघं असे फळीवर डोकी टेकवून बसलो. मग त्यांनी कुत्र्याच्या सुळ्याने ते घोटलं, आरशासारखं. त्या सोन्याखाली माझा श्वास होता, लापा, आणि आमच्या संसारातला तो सर्वांत शांत महिना होता.

हे मी त्याला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "माझ्या माणसाचं काम आहे ते."

तो थांबला. पातं खाली ठेवलं. म्हणाला, "मला माहीत आहे. असं घोटलेलं सोनं मी आजवर पाहिलं नाही. वलय मी ठेवतो. पण मागे तुमच्या खिडकीतून दिसते ती टेकडी येऊ दे. ते रोज बघायचे ना ती?"

रोजच बघायचे. काम सोडून बघायचे.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वर येऊन बसले. संध्याकाळी त्याने खरवडलेलं सोनं कागदाच्या घडीत आणून दिलं. चमचाभरसुद्धा नव्हतं. एवढा मोठा स्वर्ग, आणि भरला मिठाच्या डबीत.

शेजारची मोन्ना चियाता आली होती. ती म्हणाली, "तुझी अक्कल कुठे गेली होती? फ्लोरेन्सच्या माणसाला घरात घेतलंस. तो सोनं खरवडेल नाही तर काय, पेरेल?"

मदर, तुम्ही मला विचाराल की करार केला होता का. केला होता. नवं सोनं लागलं तर चांगलं बसवावं, असं मी त्यात लिहिलं होतं. ते काढू नये असं लिहायचं माझ्या मनात कसं आलं असतं?

मेआ

संत लुसीचा दिवस

प्रिय लापा,

थंडी फार आहे. तुमच्या मठात फक्त एका खोलीत विस्तव असतो, तो चक्राशी नक्कीच नसणार. लोकरीचे मोजे पाठवते आहे, दोन जोड. एक मदरना.

नेन्चोने आता फळीपुढे पडदा लावलाय. पुरं झाल्याशिवाय बघू देत नाही. पण एक भाग दाखवला, खालच्या कोपऱ्यातला. तिथे सानो गुडघे टेकून आहेत. आपल्याला माहीत आहे की दान देणारा माणूस चित्रात असतो तो केवढा, तर मेरीच्या पावलाशी बसलेल्या मांजराएवढा. आणि इथे सानो अख्खेच्या अख्खे, मेरीएवढे. त्यांचा वाकडा अंगठा, भुवईवरचा चामखीळ, सगळं आहे. नेन्चोने त्यांना कधी पाहिलं नाही. त्याने मला आणि चियाताला विचारून विचारून काढले.

मी मागे सरले ती रंगाच्या वाटीवरच पाय पडला. सानो असते तर लाजून म्हणाले असते, अरे, मला अंगठ्याएवढा काढ, मेरीमाता रागवेल. मी बाहेर गेले, पुन्हा आत आले, पुन्हा बाहेर गेले. मेलेल्या माणसाला इतकं खरं काढू नये असं वाटतं, आणि लगेच वाटतं, अजून एकदा बघावं.

बाकी घरात अंडीच अंडी, रंग बलकात कालवायला. तरुण चेहऱ्याला फिकट बलक लागतो, म्हाताऱ्याला लालसर, हे सानोही मानायचे. पण हा फारच चोखंदळ आहे. नदीपलीकडच्या पोद्जोहून एक मुलगी उन्हाळ्यापासून अंडी घेऊन दारावर येते. तिच्याकडच्या फिकट बलकावर तो खूश आहे. ब्रीजिदा नाव. डोक्यावरचा फडका कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली. "मावशी, आज सातच घातली कोंबड्यांनी, थंडी आहे," असं सांगून निघून जाते. आता नेन्चो तिला दोन तास बसवून ठेवतो, हातात गुंडाळी केलेली घोंगडी देऊन. अंगावरच्या कपड्याच्या घड्या बघायच्या असतील. पाव भाजणाऱ्याचं तान्हं पोरही एक दिवस आणलं होतं. त्याने सानोंच्या स्टुलावर मुतून ठेवलं.

तुला एक विचारू? तुला अजून स्वप्नं पडतात का? मला पडतात. त्या हिवाळ्याची. तू आजारी होतीस तो हिवाळा. जास्त लिहीत नाही.

मेआ

मेणबत्त्यांच्या सणानंतरचा तिसरा दिवस

लापा,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार शब्द. "बाळ कसं काढलंय त्याने?"

वीस वर्षांनी तू मला काहीतरी विचारलंस आणि मी उत्तर देऊ शकत नाही. अजून नाही. मला जरा वेळ दे.

सणाच्या दिवशी चित्र वेदीवर चढवलं. पडदा काढला तेव्हा देवळात कुणी खोकलंसुद्धा नाही. मागे आपली टेकडी, तिच्यावरचं एकुलतं सुरूचं झाड. उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो तसाच चित्रातही डावीकडून. मेरी जमिनीवर बसली आहे, साध्या गवतावर, आणि तिचं वजन गवताला लागतंय. तिच्या पायाशी सावली आहे. घंटा वाजवणाऱ्याची बायको ओलं फडकं घेऊन पुढे गेली आणि ती पुसायला लागली. तिला वाटलं मेणबत्तीची काजळी. पुसलं, बघितलं, पुन्हा पुसलं. नेन्चो ओरडला नाही. म्हणाला, "काकू, सूर्य मावळल्याशिवाय ती जायची नाही." तेव्हा लोक जरा हसले.

मग सगळ्यांनी वर बघितलं, चेहऱ्याकडे.

चेहरा चांगला झाला नाही, लापा. एवढंच लिहिते. फादर बिंदोंनी ओळखलं आणि ते लाल झाले. "ही अंडीवाली आहे. मी अंडीवालीपुढे गुडघे टेकू?"

चियाता म्हणाली, "का नाही? उद्यापासून अंडी घेताना आधी छातीवर क्रूस करू." पण तिचं हसू अर्ध्यात थांबलं. ती चित्राकडे बघतच राहिली. आपल्या गल्लीत ती जन्मापासून आहे, तिला सगळे चेहरे आठवतात. म्हणाली, "मेआ, ही तर आपली..."

मी तिचा हात इतका दाबला की आज तिच्या मनगटावर वळ आहे. ती पुढे बोलली नाही. घरी येईपर्यंत मला आठवत नाही मी कशी चालले. जिन्यावर बसले ते तिथेच बसून राहिले.

फादर म्हणतात, चेहरा खरवडून सानोंच्या वहीतला चेहरा काढून घ्या. तुम्ही दान देणाऱ्या, तुमची सही लागेल. मी सही केली. लगेच केली. त्यांना आश्चर्य वाटलं असावं, मी इतकी लगेच केली.

मंगळवारी खरवडतील. मग सगळं पूर्वीसारखं होईल.

माझ्यासाठी प्रार्थना कर. कारण विचारू नकोस.

मेआ

मंगळवार. तारीख लिहीत नाही

लापा, हे पत्र मदर जिनेव्रांच्या हातात जाऊ नये म्हणून अंड्यांखालच्या पेंढ्यात ठेवलंय. तू ते चक्रातून काढून घेतलंस. आता टोपली खाली ठेव, अंडी मोजू नकोस. बसून वाच.

तुझं बाळ त्या दिवशी मेलं नव्हतं.

मी तुला सांगितलं होतं की संध्याकाळच्या घंटेपर्यंत जगली, बाप्तिस्मा झाला, सानोंनी सुरूच्या झाडाखाली पुरली. त्यातला फक्त बाप्तिस्मा खरा आहे. तो मीच दिला, स्वयंपाकघरात, वाटीतल्या पाण्याने. मग तिला गुंडाळून खेचरावरून शहरात नेलं आणि अनाथालयाच्या दारातल्या दगडी कुंडात ठेवलं. तू तापात होतीस, विचारत होतीस. सतरा वर्षांची होतीस. सानोंकडे सोनं घोटणारा तुझा चेक्को पळून गेला होता. आई मरताना मला म्हणाली होती की लापाला तूच वाढव. मी स्वतःला समजावलं, मूल मेलं असं कळलं तर ही रडेल आणि एक दिवस उठेल. जिवंत आहे असं कळलं तर कधीच उठणार नाही. मठ तरी तिला घेईल. हे सगळं मी तुझ्या भल्यासाठी केलं, असं मी वीस वर्षं म्हणत आले. गल्लीला कळू नये हीच मोठी भीती होती. दुसऱ्या बायका बाळाबरोबर काहीतरी खूण ठेवतात, अर्धं पदक, रिबिनीचा तुकडा, पुढेमागे ओळखता यावं म्हणून. मी काहीच ठेवलं नाही, मुद्दाम.

पण खूण तिच्या तोंडावरच होती. ती मला कशी काढून घेता येणार?

रडायच्या किंवा हसायच्या आधी तुझा खालचा ओठ उजवीकडून दुमडतो. आईचाही दुमडायचा. नेन्चोने तो ओठ काढलाय. आणि डाव्या भुवईतली फट. सतरा वर्षांची तू, लापा, गवतावर बसलेली, देवळाच्या वेदीवर. तुझं चित्र कधी कुणी काढलं नव्हतं. सानोंनी इतकी माणसं रंगवली, तुझं एक नाही, माझं एक नाही, कारण आम्हाला माहीतच नव्हतं की चित्रात कुणी असतं. मी म्हटलं कुणाचाही चालेल. डाळ निवडता निवडता म्हटलं.

आणि हे ऐक, मला ह्याची सर्वांत जास्त लाज वाटते. जून महिन्यापासून मी तिच्या हातून अंडी घेत होते. सात महिने. तिचा फडका, तिची टोपली, तिची चिखलाची पावलं मी रोज पाहिली. दारात येणाऱ्याकडे कोण बघतं? त्याने रंगवलं तेव्हा मी बघितलं.

आज सकाळी खरवडायचं होतं. फादर आजारी मेंढपाळाकडे गेले होते, देवळात नेन्चो आणि मी. त्याने माझ्यापुढे पातं धरलं.

"मी काढलेलं मी खरवडत नाही. सही तुमची आहे, तुम्हीच करा."

"तू माझं सोनं खरवडलंस की."

"खरवडलं," तो म्हणाला. "पण त्याखाली कुणी नव्हतं."

मी पातं घेतलं. वेदीच्या पायरीवर चढले. इतक्या जवळून तो चेहरा बघवत नव्हता. मठातली आपली मेरी पलीकडे बघायची. ही माझ्याकडे बघते, लापा. तिला काहीही सांगता येत नाही, तिला आधीच माहीत असतं. मी ठरवलं, ओठापासून सुरुवात करायची. ओठ गेला की बाकीचं सोपं.

मागे दार वाजलं. ब्रीजिदा होती, टोपली घेऊन. सणाला ती आली नव्हती, कोंबड्या विकायला दुसऱ्या गावी गेली होती. नेन्चोने तिला कधी दाखवलंच नव्हतं. ती चालत चालत पुढे आली आणि थांबली. टोपली हळूच खाली ठेवली.

"मावशी, ही कोण?"

नेन्चो म्हणाला, "तू आहेस."

"मी अशी दिसते?"

"अगदी अशी."

तिने फडका मागे सारला आणि स्वतःचं कपाळ, नाक, ओठ बोटांनी चाचपून बघितले, आंधळा बघतो तसे. म्हणाली, "बादलीत एवढं नीट दिसत नाही." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "गावात सगळ्या पोरींना सांगतात, तू आईवर गेलीस, तू आत्यावर गेलीस. मला कधी कुणी काही सांगितलं नाही. कुणाला माहीत असणार? मी कुंडातली. संत ब्रीजिदाच्या दिवशी ठेवली म्हणून हे नाव. ज्या बाईने वाढवलं ती म्हणते, तू कुणासारखीच नाहीस." आणि तिचा ओठ उजवीकडून दुमडला.

संत ब्रीजिदाचा दिवस. खेचर, बर्फ, कुंडाचा दगड. तो दिवस मी विसरेन असं तुला वाटतं?

पातं माझ्या हातातून कधी पडलं ते कळलं नाही. दगडावर वाजलं तेव्हा कळलं. मी पायरीवरच बसले. ब्रीजिदा धावत आली, "मावशी, चक्कर आली का? हात किती गार पडलेत," आणि माझे दोन्ही हात तिने तिच्या काखेत धरले, लहान मुलाचे धरतात तसे. मला ते मिळालं, लापा, जे तुला मिळायला हवं होतं.

फादरांना मी सांगितलं, सही परत घेते. ते म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना मीच सांगेन, सगळं, एकदा माझ्या बहिणीला कळलं की." चियाताला तर कळलंच आहे. तिने फक्त विचारलं, "वीस वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?" आणि दारातच रडत बसली. चेहरा राहणार. फादर म्हणतात, तर मी मिसाची प्रार्थना डोळे मिटून करेन. करोत.

आता तुझ्या चिठ्ठीचं उत्तर देते. बाळ कसं काढलंय, असं तू विचारलंस. नोटरीसारखं नाही. खरं बाळ आहे, मनगटाला वळ्या, मुठीत आईचा पदर. पण ते पाव भाजणाऱ्याचं आहे. तुझं बाळ ते नव्हे. तुझं बाळ त्याला मांडीवर घेऊन बसलंय.

तू मला क्षमा करावीस असं मी मागत नाही. तू पुन्हा कधी लिहिलं नाहीस तरी ते बरोबरच होईल. सानोंवर मात्र राग धरू नकोस. त्यांनी खेचर धरलं, दुसरं काही केलं नाही, आणि त्यानंतर त्यांना बाळ कधी नीट काढता आलं नाही. चेहरा नंतर, नंतर, असं ते का म्हणायचे, ते मला आज कळतंय.

तिला मी काहीच सांगितलेलं नाही. तो हक्क मी एकदा तुझ्याकडून चोरला, पुन्हा चोरणार नाही. तिला एवढंच माहीत आहे की ही अंडी मठात द्यायची आहेत आणि चक्रावर एक सिस्टर असते.

चक्राशेजारी, पाव हात वर, भिंतीत एक लहान जाळी आहे. आतून तिला लाकडी झडप असते. आपण लहान असताना पाहुण्यांना तिथून चोरून बघायचो. झडप अजून तशीच असेल.

टोपली तिच्या गावच्या बाईची आहे, ती परत न्यावी लागते. रिकामी होईपर्यंत थांब, असं मी तिला सांगितलंय. ती बाहेर उभी आहे. टोपली चक्रातून देऊ नकोस.

ताई